चांगला फॅमिली डॉक्टर असला की मोठ्या डॉक्टरांकडच्या फेऱ्या कमी होतात का?

प्रश्न चोपडा तालुक्यातल्या एका घरातून आला आहे. आप्पांचं वय ६४. बीपी ११ वर्षांपासून, साखर ९ वर्षांपासून, त्यात गुडघे धरलेले. गेल्या चौदा महिन्यांत छातीत जळजळ होते म्हणून जळगावला हार्टच्या डॉक्टरांकडे, चक्कर येते म्हणून मेंदूच्या डॉक्टरांकडे, गुडघ्यांसाठी हाडांच्या डॉक्टरांकडे आणि पोट साफ होत नाही, ढेकर येतात म्हणून नाशिकला दुर्बिणीच्या तपासणीसाठी, अशा चार ठिकाणी चार फाइली झाल्या. गावातल्या डॉक्टरांकडे वीस वर्षांचं जाणं-येणं आहे, पण ‘ते दोन मिनिटं बघतात, सुई टोचतात, काही सांगत नाहीत’ म्हणून मुलांनी परस्पर ठरवून पुढे नेलं. मुलगा विचारतो: चांगला फॅमिली डॉक्टर असला तर मोठ्या डॉक्टरांकडे जाणं खरंच कमी होतं का, का तोच आणखी चिठ्ठ्या देत बसतो? आणि आता आम्ही कोणाचं ऐकायचं?

फेऱ्यांचा आकडा कमी होईलच असं नाही. कोणत्या फेऱ्या होतात, ते मात्र बदलतं. नको असलेल्या गळून पडतात आणि हव्या असलेल्या वेळेवर होतात. आप्पांना न तपासता, फक्त तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून सांगायचं तर हार्टच्या डॉक्टरांकडची फेरी योग्य होती. साखर असलेल्या ६४ वर्षांच्या माणसाची छातीतली जळजळ पित्ताची समजून सोडून देता येत नाही. दुर्बिणीची तपासणीही चुकीची म्हणता येणार नाही, कारण साठीनंतर पोटाची तक्रार पहिल्यांदाच सुरू झाली तर ती करावी लागते. पण त्यासाठी नाशिक गाठायची गरज नव्हती आणि आधी दुखण्याच्या गोळ्या बघायला हव्या होत्या. चक्कर आणि गुडघे ही दोन्ही कामं पहिल्या टप्प्यावर गावात होण्यासारखी होती. आणि नऊ वर्षांच्या साखरेला जी फेरी दरवर्षी व्हायलाच हवी, ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडची, ती तुमच्या यादीत कुठेच दिसत नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्यावरचा साखरेचा परिणाम बरीच मजल मारेपर्यंत नजरेला कळत नाही, त्यामुळे माणूस आपणहून जात नाही. त्याला पाठवायला कोणीतरी लागतं, आणि तो कोणीतरी म्हणजे फॅमिली डॉक्टर.

म्हणजे चांगल्या डॉक्टरांमुळे आप्पांच्या दोन फेऱ्या वाचल्या असत्या आणि एक वाढली असती.

हे असं का होतं ते नीट समजून घ्यायला हवं. १९६१ साली आरोग्यसेवेचे अभ्यासक केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंड-अमेरिकेतल्या माहितीवरून एक हिशेब मांडला होता. हजार मोठी माणसं घेतली तर महिनाभरात ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं, २५० जण डॉक्टरकडे जातात, ९ जण भरती होतात, ५ जणांना दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवावं लागतं आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत एकच पोचतो. आकडे जुने आणि परक्या देशातले आहेत, पण आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या कुठल्याही दवाखान्यात बाकांवर बसलेली गर्दी बघितली तर प्रमाण फार वेगळं वाटत नाही. फॅमिली डॉक्टरांचं खरं कसब या निवडण्यात आहे. अडीचशे जणांतून ते पाच-दहा ओळखायचे, आणि तेही वेळेत.

निवड न करता सगळेच थेट पुढे गेले तर काय बिघडतं? ‘मोठ्याकडे गेलो तर निदान खात्री तरी होते’ असं घरोघरी म्हणतात. गणित करून बघा. समजा एक तपासणी अशी आहे की ती १० आजारी माणसांपैकी ९ बरोबर पकडते आणि १० निरोगी माणसांपैकी एकाला उगाच दोषी ठरवते. न निवडलेल्या १,००० माणसांत खरे आजारी १० असतील, तर ती ९ आजारी पकडेल आणि ९९ निरोगी लोकांनाही ‘दोष आहे’ म्हणेल. १०८ घाबरलेल्या माणसांत खरा आजार ९ जणांना. आता हीच तपासणी आधी कोणीतरी निवडून पाठवलेल्या १,००० माणसांवर करा, ज्यांत खरे आजारी ३०० आहेत. ती २७० आजारी पकडेल आणि ७० निरोगी चुकून दोषी ठरतील. मशीन तेच, डॉक्टर तेच, पण पहिल्या गर्दीत बारा जणांपैकी अकरा उगाच पुढच्या तपासण्यांना लागतील आणि दुसऱ्या गर्दीत पाचांपैकी चार खरे आजारी निघतील. आप्पांच्या फाइली एकातून दुसऱ्या अशा वाढत जातात त्यामागे बऱ्याचदा हे गणित असतं. त्यात कोणाची लबाडी असावीच लागते असं नाही.

आता अनुभवाचा भाग. परदेशात यावर मोठी पाहणी झाली आहे. नॉर्वेत २००१ पासून जवळपास प्रत्येक नागरिकाला ठरलेला फॅमिली डॉक्टर आहे. तिथल्या सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदींवरून असं दिसलं की पंधरा वर्षांहून जास्त काळ एकाच डॉक्टरकडे असलेल्यांत, डॉक्टर बदलून वर्षच झालेल्यांच्या तुलनेत, रात्री-अपरात्री तातडीची मदत लागण्याची, अचानक भरती होण्याची आणि मृत्यूचीही शक्यता २५ ते ३० टक्क्यांनी कमी होती. इंग्लंडमध्ये ६२ ते ८२ वयाच्या लोकांची अशीच पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. वेळीच लक्ष दिलं तर टळू शकते अशी भरती, बहुतेक वेळा एकाच डॉक्टरकडे जाणाऱ्यांत सुमारे १२ टक्क्यांनी कमी निघाली.

हे आकडे जसेच्या तसे खान्देशात आणून लावू नका. नॉर्वेत फॅमिली डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय तज्ज्ञांचं दार सहसा उघडत नाही. आपल्याकडे ज्याला वाटेल तो सकाळच्या एसटीने जळगाव किंवा धुळे गाठतो, नंदुरबारचा माणूस गाडीत बसून थेट सुरतेला उतरतो. दुसरं म्हणजे, कारण आणि परिणामाचं नातं उलट्या बाजूनेही चालतं. ज्याचा आजार मुळातच अवघड आहे तो तज्ज्ञांकडे जास्त जातो, आणि गुण लवकर येत नाही म्हणून गावातल्या डॉक्टरांवर नाराजही तोच जास्त असतो. म्हणून ‘नाराज माणसं मोठ्या डॉक्टरांकडे जास्त जातात’ एवढं दिसलं की लगेच नाराजीला दोष देता येत नाही. पण एक गोष्ट आपल्याकडे जास्तच लागू पडते: जिथे दारावर कुलूप नाही, तिथे माणसाला थांबवून धरणारी एकच गोष्ट असते, विश्वास. आणि तो समोरच्या खुर्चीत बसून आलेल्या अनुभवातूनच तयार होतो.

कोणत्या अनुभवातून? सगळ्यात आधी, बोलू देण्यातून. जगभरच्या दवाखान्यांतल्या वेळेची जुळवाजुळव २०१७ साली झाली, तेव्हा बांगलादेशात एका रुग्णाला सरासरी ४८ सेकंद आणि स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं मिळतात असं दिसलं; भारत दोन मिनिटांच्या आसपास. म्हणजे तुमच्या गावच्या डॉक्टरांची दोन मिनिटं ही देशाची सरासरी आहे. ओपीडीत साठ-सत्तर माणसं असतील तर त्यांना वेळ आणणार कुठून, हाही प्रश्न खराच. तरी एक उपयोगी गोष्ट माहीत असावी. स्वित्झर्लंडमधल्या एका रुग्णालयात डॉक्टरांना सांगितलं होतं की रुग्ण स्वतः थांबेपर्यंत मध्ये बोलायचं नाही. रुग्ण सरासरी ९२ सेकंदांत थांबले, आणि चारांपैकी तिघांहून जास्त जणांचं बोलणं दोन मिनिटांत संपलं. रुग्णाला बोलू दिलं तर ओपीडी कोलमडते ही भीती अवास्तव आहे. मध्येच तोडलं की मात्र खरी तक्रार शेवटी, दाराच्या कडीवर हात ठेवून सांगितली जाते: ‘आणि डॉक्टरसाहेब, रात्री जीव घाबरस.’

हे ‘जीव घाबरस’ घ्या. आप्पांसारखा माणूस हे शब्द शहरातल्या नव्या डॉक्टरांसमोर उच्चारतो तेव्हा ईसीजी, इको, मनाच्या गोळ्या यांपैकी काहीही होऊ शकतं. ओळखीचा डॉक्टर विचारतो: कधी घाबरतं? शेतातून उशिरा आल्यावर? सकाळची गोळी घेऊन भाकर दुपारी एकला खाल्ली त्या दिवशी? ग्लिमेपिराइडची गोळी घेऊन जेवण लांबवलं की साखर खाली जाते. घाम सुटतो, हात थरथरतात, जीव घाबरतो. त्या वेळी ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली आकडा आला की निदान झालं. तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा आकडा, मग भाकर. पुढच्या भेटीत गोळीचा डोस किंवा वेळ बदलायची. हे काम गावात होतं, पण त्यासाठी आप्पांची न्याहारी, त्यांचं शेत आणि त्यांची बोली माहीत असावी लागते.

दुसरा अनुभव हात लावून तपासल्याचा. चक्कर येणाऱ्या वयस्क माणसाचं बीपी बसून मोजणं पुरेसं नाही. पाच मिनिटं आडवं झोपवून एकदा मोजायचं, उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजायचं. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर चक्करेचं कारण बरंचसं सापडलं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा लघवी वाढवणारी बीपीची गोळी घेणाऱ्यांत हे फार दिसतं. बिछान्यात कूस बदलताना काही सेकंद घर फिरल्यासारखं वाटत असेल तर कानातल्या खड्यांची चक्कर. तीही मान ठरावीक पद्धतीने फिरवून बरी होते. दोन्हींना मेंदूचा एमआरआय लागत नाही. पण चालताना तोल एका बाजूला जातो, बोलणं अडखळतं, एकाचं दोन दिसतं, अशी चक्कर असेल तर गावात वेळ घालवायचा नाही.

तिसरा अनुभव मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत, वेळही अर्धा मिनिट लागतो. डॉक्टरांनी उठताना सांगायचं असतं: ‘हे अमुक वाटतंय. चार दिवसांत उतार पडायला हवा. ताप पुन्हा चढला, जेवण जाईना किंवा लघवी कमी झाली तर थांबू नका, त्याच दिवशी या.’ एवढं ऐकलेलं कुटुंब चार दिवस थांबतं. काहीच न ऐकलेलं कुटुंब दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दवाखान्यात, तिसऱ्या दिवशी जळगावात असतं. सुई आणि सलाईनचा हट्ट रुग्णांकडून होतो हे खरं आहे, पण त्यातला बराच हट्ट या न सांगितलेल्या वाक्याच्या जागी येऊन बसलेला असतो. ‘काहीतरी केलं’ हे दिसावं म्हणून.

आता घरी एक काम करा. आप्पांची औषधांची थैली आणा आणि चादरीवर उलटी करा. चार फाइली झालेल्या घरात काय निघतं त्याचा नमुना असा असतो: बीपीच्या टेल्मिसार्टन ४० ची एक पट्टी गावातली, आणि वेगळ्या कंपनीच्या वेगळ्या नावाची, पण तीच टेल्मिसार्टन, लघवीच्या औषधासोबत, शहरातल्या डॉक्टरांची. दोन्ही चालू. पित्ताची पँटोप्रॅझोल तीन नावांनी. गुडघ्यांसाठी ऍसिक्लोफेनॅक, रोज दोन. पायांच्या मुंग्यांसाठी प्रीगॅबालिन. चक्करेसाठी बीटाहिस्टिन. साखरेची मेटफॉर्मिन नऊ वर्षांपासून.

या ढिगात आजार लपलेले असतात. प्रीगॅबालिनने वयस्क माणसाला चक्कर येते. टेल्मिसार्टन दुप्पट गेली तरी येते. मग चक्करेसाठी आणखी एक गोळी जोडली जाते. ऍसिक्लोफेनॅकने पोटात जळजळ होते, त्यासाठी पँटोप्रॅझोल. दुखण्याची गोळी, टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी ही तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठा तिन्हीकडून आवळला जातो. उन्हाळ्यात किंवा जुलाबात पाणी कमी पडलं तर काही दिवसांत क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावल्याची रक्तातली खूण) चढतं. मेटफॉर्मिन आणि पँटोप्रॅझोल वर्षानुवर्षं चालली तर बी-१२ कमी होतं, त्यानेही पायाला मुंग्या येतात, आणि त्या मुंग्यांसाठीच प्रीगॅबालिन सुरू झालेली असते. यातल्या प्रत्येक डॉक्टरांनी आपल्या अवयवापुरतं बरोबर लिहिलं असेल. सगळी थैली बघणं हे कोणाचंच काम राहिलं नाही, तिथे चूक झाली. (स्वतःहून मात्र एकही गोळी बंद करू नका. विशेषतः बीपीची, साखरेची आणि रक्त पातळ करणारी.)

गुडघ्यांसाठी कोणी बिननावाच्या पुड्या देत असेल तर त्याही थैलीत घाला. त्यांत स्टेरॉइड असण्याची शक्यता असते. दोन दिवसांत गुडघा मोकळा आणि महिन्याभरात साखर ३०० वर, असं झालं की तो संशय धरायचाच.

फॅमिली डॉक्टरांचीही चूक होते, आणि ती दोन प्रकारची असते. एक, न पाठवण्याची: रुग्ण हातचा जाईल या भीतीने धरून ठेवणं. दोन आठवड्यांहून लांबलेला खोकला थुंकीच्या तपासणीशिवाय, वजन घटत चाललेला माणूस टॉनिकवर, पायाची जखम महिनाभर पट्टीवर. दुसरी, उगाच पाठवण्याची, आणि त्यामागे कट, म्हणजे कमिशन, असतो तेव्हा ती फक्त चूक राहत नाही. रुग्ण पाठवण्याबद्दल पैसे घेणं किंवा देणं हे वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी स्पष्ट मना केलं आहे. ओळखायचं कसं? तक्रार कोणतीही असो, चिठ्ठी कायम एकाच केंद्राची. चिठ्ठीवर तपासणीचं नाव आहे पण कारण नाही. दुसरीकडून केलेला रिपोर्ट ‘चालत नाही’. उलट जो डॉक्टर ‘हे माझ्या आवाक्यातलं नाही, आजच पुढे जा’ असं सरळ म्हणतो आणि दोन-तीन नावं सुचवून निवड तुमच्यावर सोडतो, त्याला धरून राहा. पदवी विचारण्यातही गैर काही नाही. तालुक्याच्या गावांत एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस असे सगळे असतात, प्रत्येकाची नोंदणी आपापल्या परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक लेटरहेडवर असायला हवा.

चिठ्ठीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण अर्ध्या फेऱ्या हिच्यामुळे वाया जातात. ‘चक्कर, कृपया तपासावे’ ही चिठ्ठी नाही. उपयोगी चिठ्ठी अर्ध्या पानात बसते. वय, जुने आजार आणि ते किती वर्षांपासून. आत्ताची तक्रार कधी सुरू झाली, कशाने वाढते. काय तपासलं आणि काय सापडलं: झोपून बीपी १४८/८६, उभं राहून तीन मिनिटांनी ११८/७४, असं आकड्यांत. चालू औषधं कंपनीच्या नावासकट मूळ नावाने आणि डोससह. कशाची ॲलर्जी. आधीच्या ईसीजीची प्रत, कारण जुना ईसीजी शेजारी ठेवला की ‘नवा बदल’ वाटणारी रेघ पाच वर्षांपासूनच आहे हे कळतं आणि एक अँजिओग्राफी टळू शकते. आणि सगळ्यात शेवटी प्रश्न. ‘छातीत जळजळ, पित्ताची वाटते, पण हृदयाची नाही याची खात्री करून हवी’ असा प्रश्न लिहिला तर तज्ज्ञांना नेमकं उत्तर देता येतं. प्रश्न नसेल तर ते सगळंच शोधायला लागतात, आणि त्यांनी तसं करणं स्वाभाविक आहे.

गावातले डॉक्टर गर्दीत एवढं लिहीत नसतील तर मुलांनी एका कागदावर हे उतरवून न्यावं आणि त्यांच्याकडून खात्री करून सही घ्यावी. बहुतेक डॉक्टर नाही म्हणत नाहीत.

परत येतानाचा कागदही तितकाच महत्त्वाचा. तज्ज्ञांच्या खोलीतून उठण्याआधी विचारा: निदान काय? नवीन कोणती गोळी, किती दिवस? जुन्यांपैकी कोणती बंद? पुढची तपासणी गावात करून चालेल का? पुन्हा तुमच्याकडे कशासाठी यायचं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा ‘यायची गरज नाही, त्रास वाढला तर या’ असं मिळतं. न विचारल्यास फाइलीवर ‘१५ दिवसांनी’ असा शिक्का पडतो. भरतीनंतर कागद मिळाले नाहीत तर लेखी मागा. त्याच २००२ च्या नियमांप्रमाणे मागणीनंतर ७२ तासांत ते द्यावे लागतात.

काही वेळा मात्र फॅमिली डॉक्टरांची वाट बघायची नाही. छातीवर दडपण, घाम, जबडा किंवा डावा हात भरून येणं, पंधरा-वीस मिनिटं झाली तरी न थांबणं. तोंड वाकडं, एका बाजूचा हात लुळा, बोबडी: इथे गुठळी विरघळवायचं औषध साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून माणूस शेवटचा ठीक कधी दिसला होता ती वेळ लिहून घ्या आणि सीटी स्कॅन असलेल्या ठिकाणीच न्या. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौचास. सर्पदंश: ग्रामीण रुग्णालय गाठा, दंशावर चिरा नाही, आवळपट्टी नाही. कपाशीवर फवारणी करताना लाळ, घाम, डोळ्यांची बाहुली बारीक झाली तर अंगावरचे कपडे काढून अंग धुवा आणि औषधाची बाटली सोबत न्या. १०८ ला फोन केला तरी गावातल्या डॉक्टरांनाही एक फोन करा; जुनी माहिती त्यांच्याकडेच असते.

सातपुड्याकडच्या, धडगाव-अक्कलकुवा-शहादा पट्ट्यातल्या वाचकांसाठी एक गोष्ट वेगळी. भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. तिथे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, म्हणजे एचबीए१सी, फसवी ठरू शकते, कारण तांबड्या पेशी लवकर मरतात आणि आकडा खोटाच कमी दिसतो. सिकलसेलची तपासणी झाली आहे का हे शहरातल्या डॉक्टरांना ठाऊक नसतं. गावच्या आरोग्य केंद्राच्या रजिस्टरला असतं. सिकलसेलचं कार्ड फाइलीच्या वर लावा.

आता तुमच्या घरापुरतं. गेल्या वर्षभरात आप्पा जितक्या वेळा कोणत्याही डॉक्टरकडे गेले त्या दहापैकी किमान सात वेळा एकाच डॉक्टरकडे गेले असतील, तर त्याला सलग उपचार म्हणता येईल. वीस वर्षांचं नातं दोन मिनिटांच्या रागावर तोडण्याआधी एकदा दुपारी, गर्दी ओसरल्यावर, ठरवून वेळ मागा. थैली, चारही फाइली आणि तक्रारींचा कागद घेऊन मुलांपैकी एकाने सोबत जा. ‘डॉक्टरसाहेब, आम्ही परस्पर गेलो, आता सगळं तुम्ही एकत्र बघा’ असं मोकळेपणाने सांगा. लपवून ठेवलेली फाइल हीच पुढच्या चुकीची सुरुवात असते. त्या भेटीत चार गोष्टी मागा: झोपून-उभं राहून बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी, बी-१२, आणि औषधांची एकच यादी. गुडघ्यांसाठी दुखण्याची रोजची गोळी थांबवून पॅरासिटामॉल, मांडीच्या पुढच्या स्नायूचे व्यायाम आणि जमिनीवर मांडी घालणं बंद, यावर सहा आठवडे काढता येतील का ते विचारा. मोजे काढून पाय बघितले गेले पाहिजेत, तळव्यासकट. एचबीए१सी अजून ताब्यात नसेल तर दर तीन महिन्यांनी, असेल तर सहा महिन्यांनी.

त्यांनी थैली बघायलाच नकार दिला, किंवा दोनदा वेळ मागूनही दिली नाही, तर डॉक्टर बदला. पण एकालाच धरा, आणि यादी त्याच्या हाती द्या.

आणि डोळ्यांची तपासणी या महिन्यातच. पडदा बघायला बाहुली मोठी करणारे थेंब टाकतात, त्यानंतर चार-सहा तास जवळचं अंधूक दिसतं आणि ऊन सहन होत नाही. आप्पांना मोटारसायकलवर एकटं पाठवू नका. सोबत कोणीतरी असू द्या, आणि काळा चष्मा नाहीतर रुमाल.